आबांचं मशीन आणि डिओडँड

मी एलएल.बी. आहे. सनदही घेतलेली आहे. ती कपाटात मुक्ताच्या लसीकरणाच्या कार्डाखाली ठेवलेली असते, कारण कार्ड जास्त वेळा लागतं. कोर्टात मी एकूण चार वेळा उभी राहिले, त्यातल्या तीन वेळा नुसती तारीख मागायला. चौथ्या वेळी बोलता बोलता मळमळायला लागलं, आणि तीच मुक्ताची पहिली चाहूल. तेव्हापासून माझी सगळी वकिली घरातच चालते, धुळ्याला, देवपुरातल्या अडीच खोल्यांत. तिथे फिर्यादी मी, पोलीस मी, न्यायाधीशही मीच. आरोपीची जागा तेवढी दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते.

पहिला आरोपी टीपॉय होता.

मुक्ता तेव्हा दीड वर्षाची. पळता पळता तिचं कपाळ टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटलं आणि लिंबाएवढं टेंगूळ आलं. मी किंचाळले. माझ्या किंचाळण्याला घाबरून मुक्ता रडायला लागली. आपटल्याबद्दल ती रडणार होती की नाही, हे आता कोणालाच कळणार नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या, तिला कडेवर घेतलं आणि रीतीप्रमाणे टीपॉयला दोन चापट्या ठेवून दिल्या.

"हात मेल्या! मनी पोरले लागाडस का? घे! आखो घे!"

मुक्तानंही एक चापट दिली, नाक पुसलं, हसली. विषय संपला.

पण मी शिकलेली बाई. मोबाइलवर रोज एक लेख वाचते आणि रोज एक नवी काळजी शिकते. मी म्हटलं, "आई, असं नका हो शिकवू तिला. वस्तूला मारलं की मुलं दुसऱ्यावर खापर फोडायला शिकतात. चूक ज्याची त्यानं घ्यायला पाहिजे."

"मंग चूक कोनी? इनी? दीड वरीसनी शे ती."

 ह्यावर मला एवढंच सुचलं की तो टीपॉय माझ्या डोळ्यांसमोर नको. मी तो उचलला, जिन्याखालच्या कोठडीत कोंबला आणि कडी लावली. संध्याकाळी माझा नवरा नवल ऑफिसातून आला, बातम्या बघत चहा प्याला, आणि सवयीनं न बघता कप बाजूला ठेवला. कप सरळ फरशीवर.

"टीपॉय कुठे गेला?" त्यानं विचारलं.

तेव्हा तो शब्द माझ्या तोंडून निघाला. "तो आता डिओडँड आहे."

हा शब्द मला प्रेमराज सरांनी दिला. लॉ कॉलेजात ते कायद्याचा इतिहास शिकवायचे, तोही जेवणानंतरच्या तासाला, त्यामुळे आम्हाला जागं ठेवायला असले मेलेले शब्द खिशात घेऊनच यायचे. जुन्या इंग्लंडात म्हणे एखाद्या वस्तूमुळे माणूस दगावला, तर ती वस्तू दोषी. गाडीखाली सापडला तर गाडी, घोड्यानं लाथ घातली तर घोडा, अंगावर ओंडका पडला तर ओंडका. पंच बसायचे, वस्तूला दोषी ठरवायचे, ती राजाकडे जमा व्हायची आणि राजानं ती देवाच्या नावानं धर्मकार्याला लावायची. डिओडँड म्हणजे देवाला द्यायची वस्तू. पुढे आगगाडी आली. इंजिनाखाली माणसं जायला लागली आणि पंच इंजिनालाच डिओडँड ठरवायला लागले. तेव्हा मात्र कंपन्यांची पळापळ झाली आणि १८४६ साली पार्लमेंटानं तो कायदाच पुसून टाकला. "हे परीक्षेत येणार नाही," सर म्हणाले होते. माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणातलं नेमकं तेवढंच माझ्या लक्षात राहिलं.

घरात अर्थ सांगताना मी एक बारीकशी काटछाट केली. डिओडँडला माणूस मरावा लागतो, हे मी गाळलं. लेकराच्या टेंगळाशेजारी मरण हा शब्द सासूबाईंसमोर उच्चारायची माझी छाती नव्हती. त्यांनी आधी मुक्ताची दृष्ट काढली असती आणि मग माझी जीभ. म्हणून मी म्हटलं, "लेकराला लागेल अशी वस्तू. ती देवाला देऊन टाकायची. इंग्रजांचा कायदा होता."

दाराबाहेरच्या ओट्यावर शिवणाचं मशीन चालू होतं, ते थांबलं. मशीनवर माझे सासरे बसले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

"कायदा शे का तसा?" आबांनी विचारलं.

"होता, आबा."

आबांनी मान हलवली. कायदा म्हटलं की आबा मान हलवतात. अमळनेरला कोर्टाच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, निंबा टेलर. चाळीस वर्षं त्यांनी वकिलांचे काळे कोट शिवले. सून वकील मिळाली तेव्हा त्यांनी स्वतःहून माझं माप घेतलं आणि कोट शिवला, आतल्या बाजूनं दोन खिसे जास्तीचे. "वकीलले कागद ठेवाले लागतस," म्हणाले. त्या खिशांत मी सध्या मुक्ताचे वाइप्स ठेवते.

तर पुढे डिओडँड वाढत गेले. पायाच्या बोटावर पडलेलं पोळपाट. जिच्यावरून ती मागे कलंडली ती प्लॅस्टिकची खुर्ची. बोट चेपणारा वॉकर, तो तर मीच आग्रहानं आणवलेला. सासूबाईंचा भाजी निवडायचा पाट. एक बादली, जिनं अजून काहीच केलेलं नव्हतं, पण मला तिचं लक्षण बरं दिसत नव्हतं. दोन-तीन महिन्यांत आमचा हॉल एवढा मोकळा झाला की पाहुणे आले की चटईवर बसायचे आणि कप हातातच धरून ठेवायचे.

"एक बरं झालं," नवल म्हणाला. "आपल्याकडे चोर आला, तर त्याला वाटेल आपल्या आधीच कोणीतरी येऊन गेलंय."

मी हसले नाही. मी तेव्हा त्याच्या पट्ट्याचं बक्कल बघत होते.

मग एका शनिवारी मी मिक्सर ठेवायला कोठडी पहिल्यांदाच पूर्ण उघडली (मुक्ता त्याच्या आवाजाला दचकायची), तर आत फक्त केरसुणी आणि कूलरचं जुनं गवत. बाकी काही नाही.

"आई, कोठडीतलं सामान कुठे गेलं?"

"कोनतं?"

"टीपॉय, पोळपाट, खुर्ची, आपला वॉकर..."

"आपला कसा?" सासूबाई शांतपणे शेंगा सोलत होत्या. "देवनं सामान देवना घरे गयं. मारुतीना देवळात दी उनू. दर शनवारले एक एक. तू बोली ना, देवले दिधं म्हनीन?"

"अहो पण ते... म्हणजे, तसं नाही, आई. तो नुसता शब्दाचा अर्थ आहे."

"देवले बोलेल वस्तू घरमा ठेवतस का कोनी? घरले लागस ते. तुमना इंग्रजले समजनं आन तुले नही समजनं?"

मी तडक कॉलनीतल्या देवळात गेले. टीपॉय सभामंडपात मधोमध उभा होता, वर प्रसादाचं ताट. पाचोऱ्याच्या माझ्या मामांनी लग्नात दिलेला तो सागवानी टीपॉय. त्याच्या बाजूवर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: सप्रेम भेट, सौ. सुगंधाबाई निंबा शिंपी, देवपूर. बादलीतून मारुतीला पाणी घातलं जात होतं. देवळाची झाडलोट बघणारे चिंधाभाऊ माझ्या खुर्चीवर बसून माझ्याकडे मोठ्या आदरानं बघत होते.

"वहिनी, आखो काही शे का?" ते म्हणाले. "देवले एक कपाट लागत व्हतं. तुमनी पोर कपाटवर नही का पडत?"

मी नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि परत आले. मनातून खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझ्या कोठडीपेक्षा मारुतीचा पहारा पक्का. पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती, ती आली नाही: आमच्या घरात हा शब्द एकदा कोणाला लागला की तो परत घेता येत नव्हता.

आता मशीनचं सांगते.

रेडीमेडमुळे आणि गुडघ्यांमुळे आबांनी अमळनेरचं दुकान बंद केलं, त्याच सुमाराला मुक्ता झाली. मला आधार म्हणून दोघं धुळ्याला आली. येताना टेम्पोत एक गादी, एक ट्रंक आणि पायानं चालवायचं ते काळं मशीन. आबा फार बोलत नाहीत. आईंशी बोलतात त्यापेक्षा मशीनशी जास्त बोलतात: "काय व माय, आज धागा कसाले तोडस?" ओट्यावर सकाळी दहाला ते मशीन सुरू व्हायचं आणि गल्लीतल्या बायका ब्लाउज सैल करायला, पडदे टिपायला घेऊन यायच्या. मुक्ता आबांच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगात बसायची. आबा तिला चिंध्यांची पाखरं शिवून द्यायचे. घरातली ती एकच जागा, जिथे ती तासभर गप्प बसायची.

आणि मी तिथे सुई बघायची, कात्री बघायची, आणि सगळ्यांत जास्त ते मोठं चाक बघायची. मी ओट्यावर लाल चिकटपट्टी लावून रेघ आखली होती. मुक्तानं रेघेच्या अलीकडे बसायचं. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी पाखरं रेघेच्या अलीकडे टाकायला सुरुवात केली.

त्या सोमवारी मी दारात मेथी निवडत होते. एक डोळा मेथीवर, एक मुक्तावर, नेहमीसारखी. मुक्ता उठली, रेघ ओलांडली आणि चाकाकडे हात केला. मी मेथी टाकून झेपावले. तिचं मनगट धरलं आणि जीव खाऊन मागे ओढलं.

ती किंचाळली. ह्या खेपेला माझ्या ओरडण्याला घाबरून नव्हे. तिचा उजवा हात कोपरापासून नुसता लोंबत होता, आणि हात लावायला गेलं की ती आणखी किंचाळत होती.

"चाकात गेला!" मी ओरडले. "आई! मशीननं हात धरला तिचा!"

मी खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलं नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकते. निकाल माझा केव्हाच लिहून झाला होता. मी फक्त घटना घडायची वाट बघत होते.

नवलला फोन, नवलची मोटारसायकल, मुलांचे डॉक्टर. नवल गाडी लावायला थांबला, मी मुक्ताला घेऊन आत पळाले. डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या. त्यांनी मुक्ताचा हात दुरूनच बघितला.

"कोणी ओढलं का मनगटाला धरून?"

"मशीन... शिवणाच्या मशीनचं चाक..."

"ओरखडा नाही. सूज नाही. काळं-निळं नाही." त्या मुक्ताशी बोलल्यासारखं बोलत होत्या. "चाक असं करत नाही. हे आयांचं काम असतं. सांधा जरा सरकतो. महिन्याला दहा तरी येतात माझ्याकडे, आणि दहाच्या दहा जणी म्हणतात, पडली."

एवढं म्हणेपर्यंत त्यांनी मुक्ताचा तळवा वर वळवला, कोपर दुमडलं, आतून टिक असा बारीक आवाज आला आणि मुक्ता रडायची थांबली. पुढच्या मिनिटाला त्याच हातानं ती डॉक्टरांच्या खिशातला पेन ओढत होती.

"हाताला धरून ओढायचं नाही. उचलायचं तर काखेत हात घालून," त्या म्हणाल्या.

नवल घामाघूम होऊन आत आला. "काय झालं? काय म्हणाल्या?"

"सांधा सरकला होता. बसवला," मी म्हणाले.

"मशीननं?"

मी बाटली तोंडाला लावली आणि बराच वेळ पाणी प्याले. पाणी पिणं हा कायद्यानं होकार नाही आणि नकारही नाही.

घरी आलो तेव्हा ओटा झाडलेला होता. चिंध्या गोळा करून पिशवीत भरलेल्या. मशीनच्या चाकाचा चामडी पट्टा आबांनी कात्रीनं कापून टाकला होता; तो दोन तुकड्यांत त्यांच्या मांडीवर पडला होता. मशीनला हळद-कुंकू लावलेलं होतं. ते पाहून मला कळायचं ते कळलं.

"झुलालले टेम्पो सांगेल शे, शनवारले," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "चिंधा म्हनस, देवळात झेंडा शिवाले कामे यी."

"अहो आई, पण बसला हात. बरी आहे ती. बघा."

"आज बरी शे. उद्या बोट गयं मंग? तुनंच म्हननं ना? बठ्ठं देवले दिधं, आन हाई कसं ठेवानं?"

"आबा?" नवल म्हणाला.

"कायदा तो कायदा," आबा म्हणाले. "टीपॉयले एक आन मनी मशीनले दुसरा, असं नही चालत." मग पट्ट्याचे तुकडे गुंडाळत ते म्हणाले, "मी बी जासू मंग अमळनेरले. आठे बशीसनी काय करू? तुनी आई राही पोरजोडे."

नवलनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "दीपा, काहीतरी कर. ते तिथे एकटे काय करतील? मशीन नाही, दुकान नाही. आबा नुसते भिंतीकडे बघत बसतील गं. तुझा कायदा आहे, तूच काढ काहीतरी."

मी काढणारच होते. खरं सांगण्याचा पर्याय माझ्यासमोर होता आणि तो फक्त एका वाक्याचा होता. पण मी वकील आहे. एका वाक्यात सुटणारं काम मी चार दिवस लांबवलं नसतं तर माझ्या शिक्षणाचा काय उपयोग?

मी पलंगाखालची बॅग काढली आणि कॉलेजच्या वह्या उपसल्या. प्रेमराज सरांचा तो तास सापडला. समासात मी झोपलेल्या मैत्रिणीचं चित्र काढलं होतं, आणि बाजूला, देव माझं भलं करो, सगळे नियम लिहिलेले होते.

पहिला, माणूस मेलेला असला पाहिजे. ते मला माहीतच होतं.

दुसरा मी साफ विसरले होते. वस्तू एका जागी उभी असेल आणि तिच्यावरून अजाण मूल पडून दगावलं, तर डिओडँड लागत नाही. मोठा माणूस पडला तर लागतो, मूल पडलं तर नाही. सरांनी कारणही सांगितलं होतं: डिओडँडचं दान माणसाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून, आणि लेकराच्या अंगी पापच नसतं, तर दान कशाचं?

म्हणजे ज्या कायद्याखाली मी लेकरासाठी घर रिकामं केलं होतं, त्या कायद्यानं लेकरांना सरळ वगळलं होतं. इंग्लंडात पाचशे वर्षांत कोणी केला नसेल एवढा त्याचा वापर मी देवपुरात तीन महिन्यांत केला होता, आणि तोही सगळा चुकीचा. टीपॉय निर्दोष होता. खुर्ची निर्दोष होती. बादलीवर तर आरोपही नव्हता.

तिसरा नियम: जे हलत होतं ते दोषी.

मी मंगळवारी सासूबाईंना गाठलं. "आई, मी बघितलं. तो कायदा रद्द झालाय. पावणेदोनशे वर्षं झाली."

"कोनी रद्द करा?"

"इंग्रजांनीच."

"मारुतीनी करा का?"

"नाही, पण..."

"मंग?"

बुधवारी मी मुलांच्या नियमावरून युक्तिवाद केला. त्या म्हणाल्या, आधी नीट वाचलं असतं तर माझा पाट वाचला असता. आणि वर, बोललेलं ते बोललेलं. गुरुवारी मी नवलला म्हटलं की तू झुलालला फोन करून टेम्पो नाही म्हणून सांग. नवल म्हणाला, "आणि आईला काय सांगू? मशीननं हात मोडता मोडता राहिला आणि मी ते घरात ठेवतोय?" तो आबांसाठी अमळनेरला जुन्या शेजाऱ्यांकडे डब्याची सोय विचारत होता. ओट्यावर मुक्ता रिकाम्या रेघेच्या अलीकडे बसून "आबा, पाखू, पाखू" करत होती. आबा तिला "उद्या, माय" म्हणत होते. आबांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

राहता राहिला तिसरा नियम. शुक्रवारी सकाळी सासूबाई बाजारात गेल्यावर मी ओट्यावर जाऊन आबांसमोर बसले. वाटलं, मशीन तांत्रिक मुद्द्यावर सोडवता येईल.

"आबा, एक विचारू? मुक्ता चाकाजवळ आली तेव्हा चाक फिरत होतं का?"

"नही."

"आठवून सांगा."

"तिना हात येतांना दखा आन मी पाय उचली लिधा. चाक उभंच व्हतं. चाळीस वरीस व्हयनात माले. पोरंसोरं दुकानमा बी येत ना."

"नक्की?"

"कोर्टमा सांगसू."

वा! मी मनातल्या मनात उठून उभी राहिले. चाक स्थिर, सबब मशीन निर्दोष. इथे थांबायचं होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला सोयीचं नाही तो साक्षीदाराला विचारायचा नसतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी म्हटलं, "मग आबा, हलत होतं काय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग मुक्ताकडे. मग हातातल्या रिळाचा धागा गुंडाळायला लागले, जो आधीच गुंडाळलेला होता.

"जाऊ दे ना बेटा."

"तुम्ही बघितलं होतं?"

"मी तठेच व्हतू ना."

"मग सोमवारपासून बोलला का नाहीत? पट्टा कापलात तुम्ही! अमळनेरला निघालात!"

"काय बोलू? तू माय शे तिनी. इतला जीव टाकस. तुनं नाव लिधं तर तू जेवती का? झोपती का? आधीच झोपत नहीस." ते मशीनच्या माथ्यावरून हात फिरवत होते, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "मशीनले काय? तिनावर नाव टाकं तर ती रडस का?"

अख्ख्या प्रकरणात एकच प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होता आणि तो फुटला होता, तोही आरोपीच्या, म्हणजे माझ्या बाजूनं. आणि आरोपी चार दिवस त्याची उलटतपासणी घ्यायच्या तयारीत होती. मी तिथेच, लाल पट्टीवर बसून रडले. मुक्तानं येऊन माझ्या तोंडात एक चिंधी घातली.

सासूबाई पिशव्या घेऊन पायऱ्या चढून आल्या, तेव्हा मी त्यांना दारातच सांगितलं. बसायलाही दिलं नाही, कारण पाच मिनिटं थांबले असते तर मला पुन्हा एखादा नियम सापडला असता.

"आई, मशीननं काही केलं नाही. मी ओढलं तिला. हाताला धरून. डॉक्टरांनी मला सोमवारीच सांगितलं होतं."

सासूबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. एक वांगं घरंगळत गेलं. कोणी उचललं नाही.

"सोमवारले?"

"हो."

"आज शुक्कर शे." त्यांनी बोटांवर मोजलं. "चार दिन! चार दिन मी त्या मशीनले शिव्या दी राह्यनू! येता-जाता! तिनी माय-बहीन काढी मी!"

"हो आई."

"आन हाई मानूस पट्टा कापी बसना! आन तू माले कायदा सांगत व्हती!"

"हो."

"डाक्टरनी काय सांगं मंग?"

"काखेत हात घालून उचलायचं. मनगटाला धरून ओढायचं नाही."

"हाई सांगाले त्या बाईनी पैसा लिधात?" आता त्यांचा राग डॉक्टरणीकडे वळला, आणि मी मनातून तिचे आभार मानले. "माले इचारती तर मी फुकट सांगती! नवलना बी हात असाच उतरना व्हता. ह्या मानूसनी ओढा व्हता, ह्यानी!"

मी वळून पाहिलं. आबा वांगं शोधायला खाली वाकले होते आणि वर यायचं नाव घेत नव्हते.

संध्याकाळी नवलला सांगितलं. तो आधी चिडला, चांगला चिडला. मला म्हणाला की काळजी करण्याची तुझी तऱ्हा अशी आहे की आम्हाला तुझीच काळजी वाटते. मग त्यानं झुलालला फोन लावला. अडलं ते शेवटी सासूबाईंशीच. मशीन निर्दोष हे त्यांना मान्य होतं, पण देवाला बोललेलं होतं, कुंकू लागलं होतं, चिंधाभाऊंना शब्द गेला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला कायद्यातलं काहीही विचारू नका.

"देवले काय पाहिजे? झेंडा ना?" आबा म्हणाले. "मंग मशीन काय करस तठे एकली? शिवी कोन, चिंधा? त्याले बटन लावता येस नही. मी शिवी देसू. दर वरीसले, हनुमान जयंतीले, मी जिता शे तवलोंग."

सासूबाईंनी विचार केला. "भगवा सॅटिनना?"

"सॅटिनना."

"झालर लाईसन?"

"झालर लाईसन."

तेव्हा त्या उठल्या आणि स्वयंपाकाला लागल्या.

शनिवारी मी स्वतः बाजारात जाऊन चामडी पट्टा आणला. मापाला जुने दोन तुकडे कागदात गुंडाळून नेले होते. दुकानदार म्हणाला, "हा तर चांगला होता की, कापला कोणी?" मी म्हटलं, घरगुती कारण आहे. आबांनी पट्टा चाकावर चढवला, टोकांना भोकं पाडली, तारेचा आकडा घालून पक्कडीनं दाबला. पायाखालचा पायटा दोनदा रिकामा हलवून बघितला. "काय व माय," मशीनला म्हणाले, आणि शिवायला लागले.

लाल चिकटपट्टी सासूबाईंनी आदल्या दिवशीच उलथन्यानं खरवडून काढली होती. मुक्ता चिंध्यांतून उठली. मशीनच्या दिशेनं निघाली. तिची चाल अजून अशी आहे की प्रत्येक पाऊल शेवटचं वाटतं. एक पाऊल. दुसरं. तिनं उजवा हात पुढे केला.

मी दारात बसले होते. माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या. तोंडात "मुक्ता" आलं, ते गिळलं. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकून बसले. फरशी गार होती. बोटांना मुंग्या यायला लागल्या.

तिचा हात वीतभर लांब असतानाच आबांचा पाय पायट्यावरून उचलला गेला. चाक थांबलं. मुक्तानं त्याला हात लावला, त्यावर पडलेला कुंकवाचा डाग बोटानं पुसला, बोट चाटून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि परत चिंध्यांत येऊन बसली.

आबांनी पाय परत पायट्यावर ठेवला. मी मात्र हात काढले नाहीत. मुक्ता दुपारी झोपेपर्यंत मी तशीच बसून होते. मध्ये एकदा सासूबाईंनी चहा आणला, तो त्यांनाच मला पाजावा लागला.